सिनेमातून मुंबई बघायची तर: थिएटर, लोकेशन, चित्रनगरी की संग्रहालय?

मुंबईत दोन दिवस मोकळे मिळालेत आणि या वेळी गेटवे, राणीबाग, हाजीअली न करता सिनेमाची मुंबई बघायची आहे, असं ठरवणाऱ्यांपुढे साधारण चार वाटा असतात. जुन्या थिएटरांत जाऊन तिकीट काढून सिनेमा बघणं, ही पहिली. पडद्यावर पाहिलेल्या जागा पायी शोधत फिरणं, ही दुसरी. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीची सहल, ही तिसरी. आणि पेडर रोडवरचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय, ही चौथी. चारही एका दमात उरकायच्या म्हटल्या तर कुलाबा ते गोरेगाव अशी धावपळ होते, निम्मा वेळ लोकलमध्ये आणि ट्रॅफिकमध्ये जातो आणि धड काहीच बघून होत नाही. निवड करावीच लागते.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकच दिवस असेल तर थिएटर आणि गिरगाव. चित्रनगरी, बरोबर मुलं असतील तर. संग्रहालय सगळ्यांनी बघावं, पण दिवसाच्या मधल्या दोन-तीन तासांत. आणि नुसती लोकेशनं शोधत फिरायचं असेल तर घरून तयारी करून या, नाहीतर विरस होतो.

थिएटरांची वाट

मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोसमोर मराठा मंदिर आहे. १९५८ साली सुरू झालेलं, हजाराहून अधिक खुर्च्यांचं. १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम'चा प्रीमियर इथेच झाला आणि त्याची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली होती. आज लोक इथे येतात ते 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'साठी. २० ऑक्टोबर १९९५ ला लागलेला हा सिनेमा कोविडचा काळ सोडला तर इथून उतरलेला नाही. सकाळी साडेअकराचा मॅटिनी.

हा खेळ बघायला जायचं कारण सिनेमा नाही, सिनेमा तर घरीही बघता येतो. कारण आहे शेजारची खुर्ची. तिकिटाच्या रांगेत बरेच जण प्रवासी असतात. कुणाची संध्याकाळची गाडी असते, कुणी पहाटेच्या एसटीतून उतरलेलं असतं. पायाशी बॅग, मांडीवर पाण्याची बाटली. बाल्कनीत जोडपी असतात, खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांत, म्हणजे स्टॉलला, एकेकटी माणसं, त्यांतली काही मध्यंतरापर्यंत शांत झोपतात. पडद्यावरचं पात्र तोंड उघडायच्या आत प्रेक्षकांतून तोच संवाद आलेला असतो. शेवटी गाडी सुटते, बाप मुलीचा हात सोडतो, आणि ज्यांना हा सिनेमा तोंडपाठ आहे तेच सगळ्यांत जोरात शिट्ट्या मारतात. मुंबईत रोज बाहेरून येणारी माणसं सिनेमाकडून काय मागतात, हे इथल्याइतकं दुसरीकडे कळत नाही. तिकीट इतकं स्वस्त आहे की मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात पॉपकॉर्नही मिळत नाही. बायका एकट्या जाणार असतील तर बाल्कनी घ्यावी.

दक्षिण मुंबईतली बाकीची मोठी थिएटरं वेगळ्या कारणासाठी बघायची. ती इमारती म्हणूनच अशी आहेत की आत पाऊल टाकताच एका वेगळ्या काळात आल्यासारखं वाटतं. कुलाब्याचं रीगल १९३३ चं. लॉरेल-हार्डीच्या सिनेमाने त्याचा पडदा उघडला. वातानुकूलित सभागृह आणि तळघरात मोटारी ठेवायची सोय, या दोन गोष्टींसाठी ते तेव्हा नावाजलं गेलं. चर्चगेट स्टेशनासमोरचं इरॉस १९३८ चं, कोपऱ्यावर पायरीपायरीने वर चढत गेलेला मनोरा आणि लाल दगडाचे पट्टे. त्याच वर्षी धोबीतलावला मेट्रो उभं राहिलं, हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचं. आणि मरीन लाइन्सचं लिबर्टी १९४९ चं, 'अंदाज'ने सुरू झालेलं. स्वातंत्र्यानंतर लगेचच बांधून पुरं झालं, म्हणून नाव लिबर्टी.

या चारांत एकाची निवड करायची असेल तर ती अशी करा. इमारतीसाठी जायचं तर लिबर्टी. लाकूडकाम, पडद्याच्या दोन्ही बाजूंना थिजलेल्या कारंज्यासारखी चढत गेलेली नक्षी, त्यामागचे दिवे: हे सगळं बऱ्यापैकी मूळ अवस्थेत टिकलं आहे. 'हम आपके हैं कौन' इथे शंभरहून अधिक आठवडे चालला, तेव्हा साड्या नेसून, लग्नाला निघाल्यासारखी कुटुंबं यायची. अडचण एवढीच की आता तिथे रोजचे खेळ नियमित नसतात. महोत्सव, मैफली, खास कार्यक्रम असतात. तारीख जुळली तर सोडू नका. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी नवा सिनेमा बघायचा तर इरॉस, पण २०२४ मध्ये ते आयमॅक्स पडदा घेऊन पुन्हा उघडलं तेव्हा आतलं जुनं सभागृह राहिलेलं नव्हतं. बाहेरून १९३८, आतून आजचं. मेट्रोचंही तेच: दर्शनी भाग जुना, आत मल्टिप्लेक्स. रीगल या दोन्हींच्या मधलं आहे. एक पडदा, मोठं सभागृह, आणि बाहेर पडलं की पाच मिनिटांवर गेटवे.

इरॉस ज्या रांगेत उभं आहे ती ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको (विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली एक वास्तुशैली) इमारतींची रांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. सिनेमात अजिबात रस नसलेल्या माणसालाही इथे आणता येतं, ही या वाटेची एक जमेची बाजू.

मराठी सिनेमा बघायचा तर दक्षिणेला थांबू नका. दादरला शिवाजी मंदिराजवळचं प्लाझा आणि लालबागचं भारतमाता ही दोन नावं धरून चला. प्लाझाशी व्ही. शांताराम यांचं नाव जोडलेलं आहे, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत एक स्फोट या थिएटरच्या आवारातही झाला होता. भारतमाता गिरणगावाच्या मधोमध आहे. पाळी सुटली की गिरणी कामगार ज्या थिएटरात जायचा, ते हे. गिरण्या गेल्या, जमिनींचे टॉवर झाले, आणि भारतमाता वाचावं म्हणून कलावंतांना आणि लालबागकरांना आवाज उठवावा लागला. दादरचं कोहिनूर मात्र गेलं. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला थिएटर मिळत नव्हतं आणि शिवसेनेने तो लावायला भाग पाडलं, ते हेच कोहिनूर. आता त्या जागी नक्षत्र मॉल आहे. दादरचंच चित्रा २०१९ मध्ये बंद पडलं. थिएटरांची वाट मी पहिली सांगते त्यामागे हेही आहे. मरीन ड्राइव्ह पुढच्या वर्षीही असेल. एकपडदा थिएटरांचं तसं म्हणता येत नाही.

लोकेशनांची वाट

इथे खर्च जवळजवळ शून्य. लोकलचं तिकीट आणि वडापाव. पण या वाटेची एक अट आहे: जो सिनेमा शोधायचा तो ताजा आठवला पाहिजे. नाहीतर समोर नुसता रस्ता दिसतो.

काही ठिकाणं जवळजवळ जशीच्या तशी भेटतात. 'मंझिल' मधलं 'रिमझिम गिरे सावन' खऱ्या पावसात, मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या परिसरात चित्रित झालं. जुलैत भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभं राहिलात तर त्या गाण्यातली ओल अंगावर येते, आणि मागच्या इमारतींची रांगही फारशी बदललेली नाही. सीएसएमटीच्या फलाटावर 'स्लमडॉग मिलियनेअर'चं शेवटचं नाचगाणं झालं; तिथे लोकल पकडायला जाता जाताच बघून होतं. 'सत्या'मध्ये गणपती विसर्जनाच्या गर्दीत खून होतो; तशी गर्दी बघायची तर गिरगाव चौपाटी अनंत चतुर्दशीला अजूनही तेवढीच भरते. अलीकडचं हवं असेल तर पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मधलं दादर आणि लोअर परळ बघा. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या त्या सिनेमात जी मुंबई आहे ती कुठल्याही संध्याकाळी दादर स्टेशनाबाहेर सापडते: भाजीवाल्या, फुलांचे ढीग, पुलावरची रेटारेटी.

पण बरीच ठिकाणं सापडत नाहीत. 'छोटी सी बात'मधलं जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं. 'सीआयडी'तल्या मुंबईच्या गाण्यात ट्रामचा उल्लेख येतो; ट्राम १९६४ मध्येच गेली. आणि काही जागा मुळात शहरात नव्हत्याच. 'श्री ४२०' मधला छत्रीखालचा पाऊस, ज्याला सगळे मुंबईचा पाऊस समजतात, तो चेंबूरच्या आर. के. स्टुडिओतल्या सेटवरचा. तो स्टुडिओही राहिला नाही. २०१७ च्या आगीनंतर जागा विकली गेली.

कुलाब्याच्या मुकेश मिल्सचं नाव प्रत्येक यादीत असतं. १९८२ च्या आगीनंतर ओस पडलेली, असंख्य मारामाऱ्या आणि भुताटक्या जिथे चित्रित झाल्या ती गिरणी. पण ती खाजगी जागा आहे, शूटिंगला भाड्याने जाते, सहज फिरायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. तिच्यासाठी वाकडी वाट करू नका. सिताऱ्यांच्या बंगल्यांबाहेर थांबणाऱ्या बससहलींबद्दलही माझं हेच म्हणणं. फाटक दिसतं आणि रखवालदार दिसतो. बांद्र्याला गेलातच तर चॅपल रोडच्या गल्ल्या फिरा. जुने बंगले आहेत, भिंतींवर सिनेमातली चित्रं रंगवलेली आहेत आणि पाच मिनिटांवर समुद्र. १९५४ पासून उभा असलेला मेहबूब स्टुडिओही जवळच आहे, पण तिथे कार्यक्रम असेल तरच आत जाता येतं.

थिएटरशी तुलना केली तर फरक असा. थिएटरात तुम्ही काही न वाचता गेलात तरी अनुभव मिळतो, तो तिथले लोक देतात. लोकेशनवर अनुभव तुम्हालाच घरून आणावा लागतो. ज्याला सिनेमाची बारीकसारीक आठवण आहे, कॅमेरा कुठे लावला असेल याचा विचार करायला आवडतो, त्याने बेलाशक लोकेशनं निवडावीत. एका फ्रेमसाठी तासभर फूटपाथवर उभं राहायची तयारी ठेवावी. बाकीच्यांनी तीन-चार जागा निवडाव्यात, त्याही एकमेकींजवळच्या. मोबाइलवर फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही. ट्रायपॉड किंवा ड्रोन मात्र परवानगीशिवाय काढू नका, पोलीस थांबवतात.

गिरगाव, जिथे दोन्ही वाटा एकत्र येतात

सिनेमाची मुंबई म्हटलं की लोक बांद्रा-जुहूकडे बघतात. पण भारतीय सिनेमाचा जन्म ज्या रस्त्यांवर झाला ते काळा घोडा ते ग्रँट रोड एवढ्या पट्ट्यात आहेत, आणि त्याचा मध्य गिरगाव आहे. मला विचाराल तर बाहेरून येणाऱ्या मराठी माणसाने सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा.

सुरुवात काळा घोड्यापासून करा. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, तिकीट एक रुपया. ती बिडाच्या सांगाड्याची इमारत, आजची एस्प्लनेड मॅन्शन, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. बाहेरूनच बघायची. पण बघायची. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. १९०१ मध्ये गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा चौपाटीवर झालेला त्यांचा सत्कारही सावेदादांनी कॅमेऱ्यात पकडला. म्हणजे मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या लोकेशन शूटिंगांत एका मराठी छायाचित्रकाराचं काम आहे. चौपाटीवर भेळ खाताना हे माहीत असलं तर समोरची वाळू वेगळी दिसते.

चर्नी रोडला उतरलात की रॉयल ऑपेरा हाऊस. पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ मध्ये उद्घाटन झालेलं, पुढे अनेक वर्षं सिनेमे दाखवलेलं, १९९३ मध्ये बंद पडलेलं आणि डागडुजीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं. आत जायचं तर कार्यक्रमाचं तिकीट काढावं लागतं, आणि ते काढण्यासारखं आहे. नुसतं छत बघत बसावं असं आहे.

तिथून गिरगावात शिरा. इथल्याच अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांचा सिनेमा करायचं त्यांच्या मनाने घेतलं. सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला, आणि त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. अठरा वर्षांनी, १४ मार्च १९३१ ला, मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा', पहिला बोलपट. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. ज्या इंपीरियल कंपनीने तो काढला तिचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून होता. गाड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्या की शूटिंग चालायचं. आज त्या पुलावर उभं राहा. खालून दर दोन-तीन मिनिटांनी लोकल जाते, आणि एका गाण्यासाठी किती रात्री जागवल्या असतील हे आपोआप समजतं.

यातलं बहुतेक काही आता उभं नाही. कॉरोनेशन नाही. मॅजेस्टिकच्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. लॅमिंग्टन रोडवर ज्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला तेही पाडलं गेलं. तो रस्ता आता इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा आहे. म्हणून गिरगावात जाताना स्मारकं बघायला जायचं नाही. तिथल्या चाळी, व्हरांडे, जिन्याखालची दुकानं आणि गल्लीतले गणपती बघायला जायचं, कारण फाळक्यांचा पहिला प्रेक्षक याच घरांतून उतरून थिएटरात गेला. 'मुंबईचा जावई' आणि त्यावरून हिंदीत आलेला 'पिया का घर' पाहून आलात तर चाळीतल्या नवरा-बायकोला एकांत का मिळत नव्हता हे एका खोलीच्या दारातून दिसतं. खोताची वाडी याच भागात आहे. लाकडी जिन्यांची, कौलारू बंगल्यांची ही गल्ली कॅमेऱ्याला फार आवडते, पण तिथे माणसं राहतात. कुणाच्या ओट्यावर चढून फोटो काढू नये, आवाज करू नये.

चित्रनगरी

गोरेगाव पूर्वेची चित्रनगरी १९७७ मध्ये सुरू झाली, पाचशे वीस एकरांच्या आसपासची जागा, पाठीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आत तळं आहे, देऊळ आहे, हेलिपॅड आहे, गावाचे-बाजाराचे उभे सेट आहेत, आणि एकाच चौकाला एका मालिकेत कोल्हापूर तर दुसरीत दिल्ली करता येतं. बाहेरच्यांना स्वतःहून आत फिरता येत नाही, मार्गदर्शकासह सहल घ्यावी लागते. माणशी काही शे रुपये लागतात आणि नोंदणी आधी करणं बरं.

इथे जाणाऱ्यांची एकच अपेक्षा असते: शूटिंग दिसेल, कुणीतरी ओळखीचं दिसेल. ती धरून जाऊ नका. चालू सेटच्या जवळ जाऊ देतीलच असं नाही, फोटोंवर बंधनं असतात, आणि शूटिंग दिसलं तरी त्यात बहुतेक वेळ लाइट लावण्यात आणि वाट बघण्यात जातो. लांबून दिसतात त्या व्हॅनिटी व्हॅन, जनरेटरची गाडी आणि छत्रीखाली बसलेले स्पॉटबॉय. मुलांना मात्र हे सगळं मनापासून आवडतं. समोरून दगडी वाडा आणि मागून प्लायवूड व बांबू, हे एकदा पाहिलं की ती टीव्ही वेगळ्या नजरेने बघू लागतात. आठ ते चौदा वर्षांची मुलं बरोबर असतील तर चित्रनगरी बाकी तिन्हींपेक्षा सरस.

मोठ्यांसाठी मात्र मी ती शेवटी ठेवते. दक्षिण मुंबईत उतरला असाल तर जाण्यायेण्यात आणि सहलीत पूर्ण दिवस जातो, आणि दिवसाअखेर सिनेमा कसा बनतो हे थोडंसं कळतं, शहर कसं आहे हे कळत नाही. मुंबईतले जुने स्टुडिओ वस्तीत होते: दादरच्या फाळके मार्गावर रणजित, परळला राजकमल, मालाडला बॉम्बे टॉकीज. आजूबाजूच्या गल्लीतल्या पोरांना भिंतीवर चढून शूटिंग दिसायचं. चित्रनगरी गावाबाहेर, कुंपणाआड आहे. कोल्हापूरकरांनी तर ही वाट सोडलीच तरी चालेल, त्यांच्या घराजवळ मोरेवाडीला स्वतःची चित्रनगरी आहे.

संग्रहालय

पेडर रोडवर, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, एकोणिसाव्या शतकातला गुलशन महाल आणि त्याशेजारची नवी इमारत मिळून हे संग्रहालय आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालं. तिकीट नाममात्र, सोमवारी बंद. गुलशन महालात मूकपटापासूनचा क्रम लावलेला आहे, नव्या इमारतीत गांधीजी आणि सिनेमा, तंत्र, मुलांसाठीचा विभाग, वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे असं मजल्यामजल्याने आहे.

याचा खरा उपयोग गिरगावाच्या जोडीने. गिरगावात जागा आहे पण वस्तू नाही. इथे कॅमेरे, प्रोजेक्टर, पोस्टर, जुनी दृश्यं आहेत. दोन्ही एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी पाहिली तर एकमेकांना पूर्ण करतात. पायांना विश्रांती, वातानुकूलन, स्वच्छतागृह, बसायला जागा हे सगळं असल्यामुळे वयस्कर आईवडील बरोबर असतील तर हीच पहिली निवड.

पैसे, पाय आणि पाऊस

खर्चात लोकेशनं आणि संग्रहालय सगळ्यांत स्वस्त, मराठा मंदिर त्यांच्या जवळपास, इरॉससारखं नवं थिएटर मल्टिप्लेक्सच्या भावाने, आणि चार जणांचं कुटुंब असेल तर चित्रनगरी सगळ्यांत महाग. चालणं लोकेशनांत आणि गिरगावात भरपूर, मे महिन्यात दुपारी तर अशक्यच. पावसाळ्यात थिएटर आणि संग्रहालय बिनधास्त, मरीन ड्राइव्ह अधिकच सुंदर, चित्रनगरी हिरवीगार पण चिखलाची. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर हिंदमाता आणि दादरच्या बाजूला पाणी भरतं, लालबागचा बेत पुढे ढकला. वेळेच्या बाबतीत फक्त थिएटर तुम्हाला बांधून ठेवतं, साडेतीन तास एका खुर्चीत. पण तेवढ्यात थकवाही उतरतो.

एक दिवस असेल तर सकाळी आठला चर्नी रोडला उतरा, ऑपेरा हाऊस बाहेरून बघून गिरगावात दोन-अडीच तास फिरा, खानावळीत किंवा उडप्याकडे नाश्ता करा, अकराच्या आत टॅक्सीने मराठा मंदिर गाठा. तीनच्या सुमाराला बाहेर पडाल. मुंबई सेंट्रलहून लोकलने चर्चगेट, इरॉस आणि ओव्हल बघून काळा घोडा, वॉटसनची इमारत, मग चालत मरीन ड्राइव्ह. उन्हाळ्यात हाच क्रम, फक्त चर्चगेटचा भाग पाचनंतर.

दुसरा दिवस मिळाला तर अकराला पेडर रोडचं संग्रहालय, मग दादर. पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. याच भागात राहून फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' बनवला, घरातल्या माणसांना कामाला लावून. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळ्यांचा स्वयंपाक करण्यापर्यंत सारं बघायच्या. आज तो गोंगाटाचा, दुकानांचा रस्ता आहे, पण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. संध्याकाळी पश्चिमेला प्लाझा किंवा लालबागला भारतमाता, जिथे मराठी सिनेमा लागला असेल तिथे. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण मराठी सिनेमाचे खेळ आठवड्याला बदलतात. शक्य असेल तर शनिवार-रविवार गाठा. थिएटर अर्धं भरलेलं असेल, मध्यंतरात लोक बाहेर येऊन त्याच सिनेमाबद्दल बोलत असतील, आणि तुम्हालाही कुणीतरी विचारेल, कसा वाटतोय म्हणून.